मोकळा आठवडा

(दुपार. झोपायच्या खोलीचं दार बंद. आत वहिनी, बाहेर तिची नणंद.)

नणंद: कडी काढ, वहिनी. निदान ताप किती आहे तेवढं तरी सांग.

वहिनी: अंग जरा कोमट आहे. पोरांमागे धावून होतं तसं. तू प्रयोगशाळा सोडून कशाला आलीस?

नणंद: दादाचा फोन आला. तू पाळणाघरातली सगळी पोरं त्यांच्या आयांना बोलावून घरी पाठवलीस म्हणाला. तुझं पाळणाघर कधी भरदुपारी बंद होतं? किती आहे ताप?

वहिनी: एकशे दोन. जरासा वर.

नणंद: आणि थंडी?

वहिनी: दुलई घेतलीय. उतरेल. तू चहा करून घे.

नणंद: चहा गेला खड्ड्यात. कॅन्सरच्या या गोळ्या चालू असताना ताप आला तर तडक हॉस्पिटलात यायचं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं ना? दादा खाली गाडी काढतोय.

वहिनी: त्याला म्हणावं, परत लाव. मी येणार नाही.

नणंद: का?

वहिनी: रक्त काढतील.

नणंद: काढू देत. सुईला घाबरणाऱ्यातली तू नव्हेस. शिवाय हा तर तुझा मोकळा आठवडा. तीन आठवडे गोळी, मग एक आठवडा सुट्टी. म्हणजे रक्त सुधारायला लागलेलंच असणार.

वहिनी: मी सुट्टी घेतली नाही.

नणंद: म्हणजे?

वहिनी: गोळ्या घेतल्या. या आठवड्यात. मागच्या खेपेलाही.

नणंद: आणल्यास कुठून? त्या तर मोजून देतात.

वहिनी: चष्मेवाल्या बाईंच्या. तपासणीला माझ्या शेजारी बसायच्या बघ, सारखं काहीतरी विणत. त्यांची गोळी बंद केली, तेव्हा उरलेली पाकिटं मला दिली. म्हणाल्या, फेकवत नाहीत.

नणंद: आणि तू मला न विचारता घेतल्यास. मी दिवसभर दुसरं करते काय, वहिनी? ह्याच पेशी आणि ह्याच गोळ्या.

वहिनी: विचारलं असतं तर घेऊ दिल्या असत्यास? आणि तूच तर शिकवलंस मला, ओट्याला टेकून. पेशीत ते सीडीके नावाचं प्रथिन असतं, एरवी आपलं गप्प पडून असतं. सायक्लिन हे दुसरं प्रथिन येऊन बिलगलं की त्याला जोर चढतो आणि ते पेशीला म्हणतं, चल, हो एकीच्या दोन. चांगल्या पेशीत सायक्लिन येतं, काम झालं की जातं. माझ्या गाठीत ते जायचं नावच घेत नाही. ही गोळी सीडीकेचे हात बांधते. सांगितलं होतंस की नाही?

नणंद: सांगितलं होतं.

वहिनी: मग आठवडाभर हात सोडायचे कशाला? मी पाळणाघर चालवते, चिंगे. सगळ्यात दांडगं पोर झोपलं की मी दार लोटून घेते, भांडंसुद्धा वाजू देत नाही. आणि तुम्ही शिकलेली माणसं म्हणता, उठव त्याला आठवडाभर.

नणंद: गोळीला दांडगं कोण आणि गुणी कोण ते कळत नाही गं. तुझ्या हाडांच्या आत रोज नव्या पांढऱ्या पेशी होतात, त्याही एकीच्या दोन होऊनच. त्याच सीडीकेच्या जिवावर. गोळी त्यांनाही झोपवते. सुट्टीचा आठवडा त्यांना उठून कामाला लागायला असतो. तेवढाही दिला नाहीस, तर एखाद्या पोराचा साधा खोकला तुला पुरे. कोण खोकत होतं?

वहिनी: जुळ्या. दोघीही.

नणंद: आणि तू त्यांना मांडीवर घेऊन बसलीस.

वहिनी: रडत होत्या. मग काय खाली टाकू?

नणंद: कडी काढ.

वहिनी: आधी खरं सांग. त्या आठवड्यात आजार गप्प बसतो?

नणंद: खोटं बोलणार नाही. काही पेशी हलतही असतील. पण औषधाची परीक्षा झाली ती सुट्टी धरूनच, आणि ते लागू पडलं तेही सुट्टीसकट. तुझी गाठ आकसली, तेव्हा तू ही लबाडी सुरूही केली नव्हतीस.

वहिनी: चष्मेवाल्या बाईंचीही आकसली होती. मग डॉक्टरांनी गोळी बंद केली, आणि थोड्याच दिवसांत त्यांची खुर्ची रिकामी. माझं रक्त बघितलं की माझीही बंद करतील. त्यापेक्षा ताप परवडला.

नणंद: थांब. गोळी बंद केली म्हणून त्या गेल्या, असं वाटतंय तुला?

वहिनी: डोळ्यांनी बघितलंय मी.

नणंद: उलटं बघितलंस. आधी आजार वाढला, मग गोळी बंद केली. कधीकधी पेशी वळसा घालतात. बांधलेलं सीडीके सोडून दुसरं हाताशी धरतात, त्याला दुसरं सायक्लिन जोडून घेतात. त्यांची गोळी रोज पोटात जात होती, वहिनी, आणि आजार वाढतच होता. उपयोग राहिला नाही म्हणून थांबवली. पाकिटं उरली ती त्यामुळे.

वहिनी: त्या तसं बोलल्या नाहीत.

नणंद: तुला कशा सांगतील? तू तीच गोळी घेत होतीस.





वहिनी: हुडहुडी भरलीय गं. दात कडकड वाजतायत.

नणंद: दादाला दार फोडायला लावू नकोस. मी घाबरलेय, ऐकतेस ना? आई गेली तेव्हा मी शाळेत होते. माझ्या वेण्या तू घातल्यास, रात्री माझ्या उशाशी तू बसलीस. एक आई गेलीय माझी. दुसरी दाराआड अशी जाऊ देणार नाही.

वहिनी: रडू नकोस. मला उभं राहवत नाहीये… थांब जरा… ढकल आता.

नणंद: धर मला. अगं, अंगाची भट्टी झालीय. ती पाकिटं कुठेयत?

वहिनी: उशीखाली. तुझ्या दादाला कळू देऊ नकोस.

नणंद: दादाचं नंतर बघू. डॉक्टरांना मात्र गेल्या गेल्या सांगायचं, आणि तूच सांगायचंस.

वहिनी: बंद करतील गं.

नणंद: करतील, काही दिवस. पांढऱ्या पेशी वर आल्या की पुन्हा देतील. कदाचित कमी ताकदीची.

वहिनी: आणि नाही आल्या वर?

नणंद: तेव्हा दोघी मिळून घाबरू. आता चप्पल घाल.