मुकादमाचे दात

भाचा : दोन मिनिटं थांब आत्या, त्याचं तोंड पुसू नकोस.

आत्या : का? लाळ बघ कशी ओघळतेय. रक्त आहे त्यात. वास घे म्हणजे कळेल.

भाचा : येतोय वास. फोनमधून तो जात नाही, म्हणून तर लाळ दिसायला हवी.

आत्या : शी. काय बोलतोस तू.

भाचा : खरं तेच. मागच्या व्हिडिओच्या वेळी तू त्याला पुसून, विंचरून इस्त्रीच्या टेबलावर बसवलंस. लोकांनी लिहिलं, किती गोड बोका. दमडी कुणी दिली नाही.

आत्या : गोड आहेच तो. कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसून आमच्यावर देखरेख करतो म्हणून गिऱ्हाइकांनी मुकादम नाव पाडलं, ते उगाच?

भाचा : मुकादमाच्या हिरड्या सडल्यात, आत्या. सगळे दात काढले नाहीत तर उपाशी मरेल. डॉक्टरांचा आकडा तूही ऐकलास. कितीही कपडे धुतलेस तरी एवढे पैसे निघणार नाहीत. भीकच मागायची तर नीट मागू दे.

आत्या : उद्या मला कवळी काढून बसव तिथे.

भाचा : तुला कोण देणार?

आत्या : तेही खरंच. या बाईंनी काय लिहिलंय? चष्मा नाही माझा.

भाचा : जेवताना पाहिलं, घास उतरेना. अजून व्हिडिओ टाका.

आत्या : घास उतरेना, आणि अजून टाका.

भाचा : पैसे पाठवलेत तिनं.

आत्या : मग काय, धन्यच. आणि हा दाढीवाला?

भाचा : तो विचारतोय, ऑपरेशन थेट दाखवणार का.

आत्या : सरक, कधीचा कण्हतोय तो. दुखण्याचं औषध सकाळी दिलंस ना?

भाचा : देणारच होतो.

आत्या : देणार होतास म्हणजे?

भाचा : हे शूटिंग झालं की.



आत्या : आणि काल?

भाचा : काल दिलं. जरा उशिरा.

आत्या : मला म्हणालास, औषध लागू पडत नाहीये. मी डॉक्टरांना फोन करून भांडले. तुमचं औषध आहे की साखरेचं पाणी, असं म्हणाले त्या माणसाला.

भाचा : औषध दिलं की तो गप्प झोपतो, आत्या. झोपलेल्या मांजराला कोण पैसे देतं? कण्हला की येतात. मी त्याच्यासाठीच करतोय ना? माझ्या खिशात काय जातंय?

आत्या : तेच तर. स्वतःच्या खिशासाठी केलं असतंस तर कान पिळून मोकळी झाले असते. आता तुझ्याकडे बघवत नाहीये मला.

भाचा : काहीही कर पण त्याला वाचव, हे तूच म्हणाली होतीस.

आत्या : म्हणाले. तेव्हाच जीभ झडायला हवी होती.

भाचा : मग दुसरा उपाय सांग.

आत्या : भांडून झाल्यावर डॉक्टरांनीच सांगितला. आधी नुसते मागचे दात काढायचे. कित्येक मांजरांना तेवढ्यानं आराम पडतो. पुढचे लागलेच तर मग बघू. आणि त्यांच्या दवाखान्याचे टॉवेल, चादरी, कोट मी धुऊन इस्त्री करून द्यायचे. पैसे फिटेपर्यंत.

भाचा : दवाखान्याचे? मूत, पू, ओकाऱ्या. आणि तू? तू गिऱ्हाइकाचा रुमालसुद्धा चिमटीत धरतेस.

आत्या : धरते.

भाचा : तरी हो म्हणालीस?

आत्या : अजून नव्हते म्हणाले. विचार करून सांगते म्हटलं होतं. आता सांगेन. ती घाण निदान कोणी मुद्दाम राखून ठेवलेली नसते.

भाचा : आणि हे आलेले पैसे?

आत्या : परत पाठव.

भाचा : सगळ्यांचे? काहींनी मनापासून दिलेत, आत्या.

आत्या : औषध घेऊन झोपलेल्या मुकादमाला ज्यांनी दिले असते, त्यांचे ठेव.

भाचा : ते कोण, कसं कळणार?

आत्या : नाहीच कळणार. म्हणून सगळ्यांचे.

भाचा : कारण काय सांगू?

आत्या : जे केलंस ते. त्या घास न उतरणाऱ्या बाईंनाही सांग.

भाचा : शिव्या घालतील मला.

आत्या : घालू देत. माझ्याही राहिल्यात, पण आधी औषध. ये इकडे. मानेखालून हात घाल, जबड्याला धक्का नको. आणि पंजे धर, नाहीतर मला ओरबाडेल.

भाचा : धरलेत.

आत्या : कुठे धरलेस? सुटले बघ पंजे.

भाचा : एका हातात मावत नाहीत.

आत्या : फोन खाली ठेव. दोन्ही हात लागतात.