गोल शिक्का

नाही हो ताई, तसं एका बटणाने होत नाही – बसा, आधी बसा, आणि रडू नका, रडून सर्व्हर हलत नाही. तुमच्या लेकीचे ते फोटो – खोटे आहेत, माहितीये, मला कशाला पटवताय – ते ज्या मशीनवर आहेत ते मशीन परक्या देशात. आपले पोलीस तिथे जाऊन दार ठोठावणार आहेत का? नाही. मग काय? करार आहे की! दरवर्षी परिषद भरते, साहेब कोट चढवून जातात, ‘इंटरनेटला सीमा नसतात’ म्हणून टाळ्या घेतात. सीमा इथे आहे, या टेबलावर. करारात लिहिलंय – दुसऱ्या देशातून फोन आला की आधी नोंदी जपून ठेवा, कागद मागाहून. लिहायला काय जातंय? नोंदी राहतात नव्वद दिवस. मग आपोआप पुसल्या जातात, आणि फोटो कोणी टाकले ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. तुमचे किती झाले? बाहत्तर. म्हणजे अठरा राहिले – पुष्कळ आहेत हो, समोरच्याच्या मनात असलं तर.

आणि नसलं तर? मागच्या वर्षी त्याच देशातून फोन आला होता, याच फोनवर. त्यांच्या ऑफिसातली बाई, माझंच काम करणारी. त्यांच्याकडची एक मुलगी, तुमच्या लेकीएवढीच, आणि मशीन आपल्या शहरात. चार वेळा फोन केला बाईने. पत्रही धाडलं – सही होती, गोल शिक्का नव्हता. त्यांच्याकडे शिक्के नसतातच म्हणे. मी म्हटलं, शिक्का आणा. – असं बघू नका माझ्याकडे! पूर्वी एकदा बिनशिक्क्याचं पत्र पुढे पाठवलं होतं, तर साहेबांनी सगळ्या ऑफिसदेखत माझी बिनपाण्याने केली. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. फुंकत बसलो मी. नव्वद दिवस. पाचव्यांदा फोन आला तेव्हा बाई ओरडलीसुद्धा नाही. मुलगी गेली, एवढंच म्हणाली. आणि माझं नाव विचारलं – एकेक अक्षर विचारून लिहून घेतलं.

तुमचा अर्ज? जाईल ना, आजच जाईल, शिक्क्यासकट. कोणाकडे म्हणजे? ताई, तिकडे या कामाचं टेबल एकच. बाईही तीच आहे अजून. आणि पाठवणाऱ्याचं नाव लिहावंच लागतं, वर, पहिल्याच ओळीत.

काय करेल ती? – मला काय विचारता? मी काय केलं ते सांगितलं ना तुम्हाला! घ्या, इथे सही करा. आणि जा आता. जा म्हटलं ना.