नग एक्केचाळीस

...नाही, पण तुम्हीच सांगा, चार दिवस डोंगरात राहायला जाणाऱ्या माणसाला घरचं पायपुसणं कशाला लागतं? पायपुसणं! आणि स्टूल! आणि भिंतीवरचं घड्याळ! तुम्हाला सांगतो, गेली अकरा वर्षं दर सुट्टीत आम्ही सहकुटुंब त्याच डोंगरात, त्याच भाड्याच्या घरात जातो, आणि अकरा वर्षांत मी डोंगर बघितलेला नाही. हसू नका. स्टूल बघितलंय. ते काय, घरीही बघतोच.

म्हणजे डोंगर आहे, बरं का! घरामागे पाऊण तासाचा चढ आहे, वर एक बाक आहे आणि त्या बाकावर बसलं की समोर अख्खा डोंगर, असं तिथला रखवालदार सांगतो. दर वर्षी सांगतो. "साहेब, एकदा पहाटे जाऊन या, जन्माचं सार्थक होईल." मी सार्थक करायला पायात चप्पल घालतो न घालतो तोच मागून सासूबाई... "जावईबापू, आधी सामान लावून घ्या. डोंगर काय, कुठे पळून जातोय?"

आता सासूबाईंचं ऐका. बत्तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स. पेशंटचं पोट शिवायच्या आधी कात्र्या, चिमटे, बोळे सगळं मोजायचं, आणि एक जरी कमी भरला तरी मोठ्यातल्या मोठ्या डॉक्टरला जागचं हलू द्यायचं नाही. त्या रिटायर झाल्या, मोजणं काही रिटायर झालं नाही. पहिल्या वर्षी काय झालं, सासऱ्यांच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या घरी राहिल्या. संध्याकाळी त्यांना गरगरायला लागलं आणि आम्ही तसेच गाडीत घालून घाट उतरलो... उतरेपर्यंत सासूबाईंनी त्यांचं मनगट सोडलं नाही. मीही घाबरलो होतो. त्यामुळे दुसऱ्या वर्षी त्यांनी यादी केली, ते मला शंभर टक्के मान्य आहे.

पण यादी एकदा सुरू झाली की थांबते कुठे? ज्या वर्षी जे कमी पडलं ते पुढच्या वर्षी यादीत! तिथल्या ओल्या पायपुसण्यावरून सासरे घसरले, घ्या घरचं पायपुसणं. माळ्यावर हात पोचला नाही, घ्या स्टूल. घड्याळाची टिकटिक नसेल तर सासऱ्यांना झोप येत नाही, घ्या घड्याळ. सासरे बिचारे काही बोलत नाहीत, नुसते "हं" म्हणतात, की तोही "हं" यादीत! आज छत्तीस नग झालेत, प्रत्येकावर नंबराची चिठ्ठी. आणि उचलणार कोण? जावई म्हणजे दशम ग्रह म्हणतात ना? आमच्याकडे ग्रहाच्याच डोक्यावर बोचकं!

बरं, चार दिवसांचा हिशोब बघा. पहिला दिवस सामान काढण्यात. दुसरा लावण्यात. तिसऱ्या दिवशी दुपारपासून आवराआवर, कारण चौथ्या दिवशी सकाळी निघायचं. मग मी डोंगर बघू कधी? बायकोला विचारलं तर ती म्हणते, "अहो, आईला बरं वाटतं ना, जाऊ द्या की. आणि डोंगर काय..." कळलं, कळलं! पळून जात नाही.

यंदा मात्र मी ठरवलं. चौथ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत उठलो. बूट? बूट चौदा नंबरच्या बोचक्यात, आदल्या दिवशीच बांधलेले. म्हणून न्हाणीघरातल्या रबरी सपाता घातल्या, तुम्हाला सांगतो, डाव्या पायात सासऱ्यांची, उजव्या पायात लेकीची, आणि निघालो. घसरतोय, उठतोय, धाप लागलीये, पण काय हवा होती! अकरा वर्षांत पहिल्यांदा माझे हात मोकळे होते हो! शेवटचं वळण आलं. वळणापलीकडे बाकाची पाठ दिसली. दहा पावलं. मोजून दहा...

आणि खालून आवाज आला. थिएटरमधला. "एक कमी आहे!"

म्हटलं, संपलं, आपल्याच हातून काहीतरी हरवलं. गोळ्यांचा डबा असला म्हणजे? पहिल्या वर्षीचं ते मनगट आठवलं आणि मी वळलो. पळत, एक सपात हातात, एक पायात, खाली आलो तर अंगणात सगळी बोचकी सोडलेली! बायको उशा झटकतेय, लेक जांभया देत बादलीत बघतेय, सासरे स्टूलवर बसून "हं." मी म्हटलं, "काय कमी आहे? गोळ्या का?" सासूबाई मोजतच होत्या. पस्तीस, छत्तीस... मग स्वतःकडे बोट, सदतीस. सासरे, अडतीस. बायको, लेक, एकोणचाळीस, चाळीस. आणि ते बोट आलं, माझ्या छातीवर टेकलं.

"एक्केचाळीस! सापडला! बांधा रे!"

म्हणजे माणसंसुद्धा यादीत! शेवटचा नग कोण, तर जावई! आणि मी वेडा स्वतःलाच शोधायला डोंगर उतरून आलो!

घाट उतरताना बायको हळूच म्हणाली, "पोचला होतात का हो?" म्हटलं, "दहा पावलं राहिली." खोटं कशाला बोलू, वाईट वाटलं मला. तिलाही वाटलं असावं, कारण ती पुढे वाकून म्हणाली, "आई, यांना डोंगर बघायचा होता गं." तर सासूबाई चक्क हळहळल्या. "अगं बाई! मग आधी नाही का सांगायचं, जावईबापू?" अकरा वर्षं काय मी शीळ घालत होतो? पण त्यांचे डोळे खरंच भरून आले होते हो. म्हणाल्या, "पुढच्या वर्षी तुमची गैरसोय होऊ देणार नाही." मला वाटलं, जमलं! तेवढ्यात त्यांनी पर्समधून यादी काढली, पेनाचं टोपण काढलं आणि मोठ्याने म्हणत लिहायला घेतलं... "नग बेचाळीस. डोंगराचा फोटो. मोठा. फ्रेमसकट."

फोटो काढून पाठवायला रखवालदाराला सांगूनही झालंय. चार फूट बाय सहा फूट. म्हणजे मला बाहेर जायलाच नको, सामान लावता लावता बघता येईल.

डोंगर काय, कुठे पळून जातोय? कुठे जाईल हो... पुढच्या वर्षीपासून माझ्याच डोक्यावर असणार आहे. काच आहे, सांभाळून न्यावा लागेल.