खंड्याची हळद

राहात्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मेहताब लंगडती शेळी घेऊन बसला होता, पण कान शेजारच्या बाकावर होते. तिथं एक म्हातारी आणि तिचं पिवळ्या तोंडाचं कुत्रं. समोर बसलेल्या एका म्हशीवाल्या पाव्हण्याला काही राहवेना.

"मावशी, कुत्र्याचं लगीन काढलंय व्हय? तोंडाला हळद लागलीय!"

"लागली न्हाई, खाल्लीय त्यानं. रोज भाकरीत चिमूटभर हळद, मिरपूड आन् थेंबभर तेल. दिवाळीपास्नं."

"कशापायी?"

"ह्या खंड्याचे मागचे पाय आखडले हुते. बसल्या जागी मुतायचा. सून म्हनली, आता कशाला जीव लावता?"

"मंग, आला गुण?"

"आला म्हंजी? साकुरीहून माझ्या म्होरं चालत आलाय. वाटंत मीच दोनदा टेकले, ह्यो न्हाई."

"मंग दवाखान्यात कशाला आनलाय?"

"डॉक्टरला दाखवायला."

"पर झालंय काय त्याला?"

"काय बी न्हाई. ह्यो आता पायावर उभा ऱ्हायचा न्हाई, असं डॉक्टर म्हनले हुते. त्येच दाखवायचंय."

आतून हाक आली, "पुढचा कोण?"

म्हातारी गुडघ्यावर हात टेकून उठेस्तोवर खंड्या उंबरा ओलांडून आत गेला होता.