धुतलेल्या काचा

सून : म्हणजे त्या काळ्या काचा? मामंजींच्या कपाटातल्या?

पोस्टमन : त्याच, फोटोंच्या निगेटिव्ह. तीनशे तरी असतील. ही बघ, पाटी रंगवून थेट इकडेच आलो. ‘स्थानिक इतिहास मंडळ.’ काल नोंदणी झाली, सूनबाई. आता पहिला मान तुझ्या सासऱ्याच्या फोटोंचा.

सून : मंडळ? मागे परिषद म्हणत होतात ना?

पोस्टमन : मास्तरांना परिषद हवी, डॉक्टरांना मंडळ. सहा वर्षं घोळ घातला. शेवटी मास्तर वारले, मग मंडळ ठरलं.

सून : काका, बसा ना आधी. पाणी आणते.

पोस्टमन : पाणी राहू दे. कपाट दाखव.

सून : कपाट मोडीत गेलं. काचा... मागच्या अंगणात आहेत.

पोस्टमन : उघड्यावर? अगं, खराब होतील!

सून : रोपांवर घातल्यात. थंडीनं करपतात म्हणून यांनी चौकट केली. मी काचा सोड्याच्या गरम पाण्यात भिजवल्या, काथ्यानं घासल्या. लख्ख निघाल्या.

पोस्टमन : सगळ्या?

सून : सगळ्या. मला काय ठाऊक, काका! काळी तोंडं, पांढरे केस. मुलं भुतं म्हणून घाबरायची.

पोस्टमन : भुतं नव्हती गं ती. आमची गल्ली होती. रस्त्यासाठी पाडली ना, त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या सासऱ्यानं दारोदार फिरून फोटो काढले. तिसऱ्या दारात आमची ही. उद्या घर पाडणार, आणि ही बया उंबरा झाडत होती!

सून : काकूंचा दुसरा फोटो असेल ना घरात?

पोस्टमन : एकही नाही. ती गेली तेव्हाही नव्हता. हा छापून घे म्हणाला होता तुझा सासरा. म्हटलं, काच आहे ना, ती कुठं पळून जातेय!

सून : मामंजी शेवटपर्यंत तुमची वाट बघत होते. ‘तो येईल, नेईल’ म्हणायचे. ते गेल्यावर मीही दोन वर्षं थांबले. निरोप धाडले.

पोस्टमन : मिळाले की. जन्मभर लोकांची पत्रं वेळेवर पोचवली, आणि स्वतःला आलेला निरोप खिशात ठेवला. म्हटलं, मंडळाच्या नावानं रीतसर नेऊ. नाव तेवढं ठरू दे. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

सून : माझं चुकलंच, काका.

पोस्टमन : तुझं नाही गं. चल, दाखव तरी.

(दोघं मागच्या अंगणात येतात. पोस्टमन चौकटीतली एकेक काच काढून उजेडाला धरतो.)

सून : त्या कोपऱ्यात काहीतरी राहिलंय बघा. काळसर.

पोस्टमन : कुठं?... चिखल आहे. पुसला गेला.

सून : अजून पुष्कळ आहेत. सगळ्या बघू. मी काढून देते.

पोस्टमन : नको. रोपांना वारा लागतोय. ठेव जागच्या जागी.

सून : इथली एक फुटलीय. यांना सांगून सांगून थकले मी.

पोस्टमन : ही पाटी बसते का बघ.

सून : काका, नवीकोरी आहे हो!

पोस्टमन : बसते. अक्षरं आतल्या बाजूला कर.