तळ्याचं पाणी

काऊन हसता बे? गेल्या हिवाळ्यात चिखलदऱ्याचा घाट सायकलनं चढलो मी, या सत्तरीत. पोरगा म्हणे, "बाबा, वरच्या तळ्यापर्यंत गेले तं सायकल तुमची. नाई तं भंगारात देतो."

परतवाड्यापर्यंत टेम्पोनं गेलो, मंग मारले पायडल. पोरगा फटफटीवर मांगंमांगं. दर वळणावर म्हणे, "बसा आता मांगं."

"तू जाऊन घरी बस!"

खड्या चढावर उतरून ढकलली, पण त्याच्या फटफटीवर बसलो नाई. तळ्यावर पोचलो. सायकल वाचली, पण घसा लाकडावानी कोरडा. तेथंच माह्या पोरीचं सासर. पोरगी गडवा घेऊन धावत आली.

"बाबा, पाणी प्या."

"पोरीले लेकरू होयेपर्यंत बाप तिच्या घरचं पाणी पेत नाई. रीत हाय आपली."

"मरसान ना!"

"मरीन, पण रीतीनं मरीन."

अन् वाकून तळ्यातलंच वंजळभर पाणी पेलो. पोरगी कपाळाले हात लावून म्हणते, "अवो बाबा, आमच्या नळाले याच तळ्याचं पाणी येते!"

"येऊ दे. तळं का तुह्या सासऱ्यानं खंदलं?"