गुळाच्या पाण्यातले जिवाणू

उदगीरच्या कृषी केंद्रात टेबलावर सोयाबीनची पाच पिवळी रोपं होती. केंद्रातली तज्ज्ञ तनुजा त्यांची मुळं धूत होती. मागच्या बाकावर रोपं आणलेले नवरा-बायको कुजबुजत होते.

"सिंधे, बियाण्याला लावायचे जिवाणू गुळाच्या पाण्यात कालवलेस, तवा पाणी निवलं होतं का?"

"कोमट होतं."

"हात घालून बघितलास?"

"चटका बसला, म्हणून काठीनं ढवळलं."

"आन् हे आज सांगून राहिलीस? समदं रान पेरून झालं की!"

"तुमीच ट्रॅक्टरवरून बोंबलत होता, आटप आटप म्हणून."

"जिवाणूंनी मुळाला गाठी धरल्या नाहीत तर दाण्यात प्रोटीन कुठून यायचं? सोयापनीरवाले माल घेतील व्हय?"

"हळू बोला. मॅडम ऐकतील."

"मेले असतील का गं समदे?"

तनुजानं मुळांवरच्या गाठी ब्लेडनं चिरल्या. कामाची गाठ आतून गुलाबी असते.

गाठी सदतीस निघाल्या. गुलाबी चार.